कादंबरीचं नाव आधी ठरवावं की शेवटी?

दुसरा_खर्डा
कादंबरीचा दुसरा खर्डा संपलाय, ६०,००० शब्दांच्या आसपास. नायिका कोर्टात दुभाषी आहे. २० वर्षं ती लोकांच्या साक्षी एका भाषेतून दुसरीत नेते आणि एकदा, एकाच साक्षीत, जाणूनबुजून एक शब्द गाळते. पहिल्या दिवसापासून नाव ठरलेलं आहे: 'दुभाषी'. तिघांना वाचायला दिली. तिघांचंही मत एकच, लिहिलंय बरं, पण नाव बदल.

मला हे पटत नाही. नाव नसतं तर मला पहिलं पानसुद्धा लिहिता आलं नसतं. कुठे भरकटले की मी वर बघायचे, 'दुभाषी' असं दिसायचं आणि परत रस्त्याला लागायचे. नाव शेवटी ठेवतात ते कसं जमवतात, हेच मला कळत नाही. तुमचं मत सांगा, आणि नाव बदलायचं असेल तर का, तेही सांगा. नुसतं 'कॅची नाही' म्हणू नका, ते ऐकून कान किटलेत.

कात्री
आधी मूल होऊ द्या, मग बारसं करा. मी हस्तलिखितं वाचण्याचं काम करतो. लेखकाचं लाडकं नाव आणि पुस्तकाला शोभणारं नाव ही बहुतेक वेळा दोन वेगळी नावं असतात. फिट्झजेराल्डचंच बघा. 'द ग्रेट गॅट्सबी' हे नाव त्याला शेवटपर्यंत फारसं आवडलं नव्हतं. त्याच्या डोक्यात 'ट्रिमाल्किओ इन वेस्ट एग' होतं. ट्रिमाल्किओ म्हणजे एका जुन्या रोमन कथेतला नवश्रीमंत, जंगी मेजवान्या देणारा. लेखकाला केवढा अर्थपूर्ण वाटला असेल! वाचकाला मात्र तो कोण हे समजावून सांगायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. संपादकाने आणि बायकोने अडवलं म्हणून १९२५ साली पुस्तक आज आपल्याला माहीत असलेल्या नावाने आलं.

पानगळ
कात्री, हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं असं नाही का? नाव दुसऱ्यांनी लादलं आणि ते चाललं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. 'ट्रिमाल्किओ' नावानेही पुस्तक मोठं झालं असतं तर आज आपण त्याच नावाचे गोडवे गायलो असतो. पुस्तक चांगलं असलं की नावाला आपोआप वजन येतं. 'कोसला' म्हणजे कोश हे किती जणांना हातात पुस्तक घेताना माहीत असतं? मलाही नव्हतं. अडलं का काही?

कात्री
'कोसला'चा अर्थ कळला नाही तरी तो शब्द कानात राहतो. 'दुभाषी'चं उलटं आहे. अर्थ पटकन कळतो आणि तिथेच संपतो. तो हुद्दा आहे हो! ओळखपत्रावर शोभेल.

विभक्ती
माझी एक साधी चाचणी आहे. नावाला प्रत्यय लावून बोलून बघायचं. पुस्तकाचं नाव कव्हरवर एकटं असतं, पण लोकांच्या तोंडी कधीच एकटं नसतं. '…मधली ती बाई आठवते का', '…चा शेवट नाही पटला'. आता 'दुभाषी'चं सामान्यरूप काय करणार? 'दुभाषीचा शेवट' की 'दुभाष्याचा शेवट'? पहिलं म्हणताना जीभ अडते, दुसरं म्हटलं की नायिकेचा पुरुष होतो. अवघ्या तीन अक्षरांत एवढी भानगड.

पानगळ
विभक्ती, मग 'पण लक्षात कोण घेतो' या नावाला प्रत्यय लावून दाखवा बरं. हरिभाऊ आपट्यांनी अख्खं वाक्य ठेवलं, तेही प्रश्नार्थक. व्याकरणाच्या चाचणीत साफ नापास. आणि शंभराहून जास्त वर्षांनी आपण अजून ते नाव घेतोय.

विभक्ती
घेतोय, पण 'पण लक्षात'मध्ये असं तोडून! लोक सोय बघून लांब नाव कापतातच. तेव्हा कापून काय उरेल याचाही विचार करावा, एवढंच म्हणते मी.

तिसरं_टेबल
मी दुसऱ्या टोकाचा. कामचलाऊ नाव ठेवू नये, फाइलला आकडा द्यावा. कारण नाव लेखकाला नकळत वाकवतं. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' या महाकादंबरीचा पहिला भाग १८६५ मध्ये मासिकात आला तेव्हा शीर्षक होतं '१८०५'. ते नाव त्याने धरून ठेवलं असतं तर? सुदैवाने कादंबरी त्या सालाला न जुमानता पुढे १८१२ पर्यंत आणि त्याही पलीकडे गेली, आणि नाव मागे पडलं. दुसरा_खर्डा, खरं सांगा, 'दुभाषी' या नावापायी तुम्ही काही कापलंत का?

दुसरा_खर्डा
कापलं. नवऱ्याचं जवळजवळ सगळंच. तिचं घर आलं की वाटायचं, याचा भाषांतराशी काय संबंध? तीन प्रकरणं गेली. त्याचं वाईट वाटत नाही, असं मी आत्तापर्यंत म्हणत होते.

पानगळ
मग बरंच झालं की! काय ठेवायचं, काय टाकायचं हे ज्याच्यावरून ठरतं ते नाव. त्याला वाकवणं म्हणत नाहीत, आकार देणं म्हणतात. आकडा दिलेल्या फाइली काय होतात ते मला विचारा. माझ्याकडे अशा चार पडल्यात आणि चारही अर्धवट.

तिसरं_टेबल
त्या नाव नाही म्हणून अर्धवट राहिल्या असतील असं मला तरी वाटत नाही. (राग मानू नका.)

जुना_वाचक
लिहिणाऱ्यांच्या भांडणात मी फक्त वाचणारा. एक विचारू? तिने गाळलेला तो शब्द कोणता?

दुसरा_खर्डा
'बहुतेक'. साक्षीदार म्हणतो, 'बहुतेक तोच होता.' ती कोर्टाला सांगते, 'तोच होता.'

जुना_वाचक
आणि तुम्ही नाव शोधताय!

पानगळ
अंगावर काटा आला. दुभाषी नाव मागे घेते. म्हणजे माझा मुद्दा नाही हं, नुसतं ते नाव.

कात्री
थांबा, इतक्यात नाचू नका. दुकानात जाऊन 'बहुतेक आहे का?' विचारा. दुकानदार म्हणेल, 'बहुतेक आहे, बघतो.' ऑनलाइन शोधलं तर जगातलं प्रत्येक वाक्य समोर येईल आणि पुस्तक तेवढं येणार नाही. हेलरला 'कॅच-१८' बदलून 'कॅच-२२' करावं लागलं ते कशामुळे? त्याच सुमाराला दुसऱ्या एका कादंबरीच्या नावात १८ होता, एवढ्याच कारणाने. तिथे एक आकडा आड आला, इथे अख्खी भाषा आड येणार आहे. शिवाय गाळलेला शब्द कव्हरवरच छापला तर रहस्य काय राहिलं?

दुसरा_खर्डा
रहस्य तसंही नाही, ते नवव्या पानावरच आहे. उरलेली कादंबरी ती त्यानंतर कशी जगते याची. त्यामुळे तो आक्षेप बाद. दुकानाचा आक्षेप मात्र खरा आहे, हसले पण खरा आहे.

मला अडचण दुसरीच वाटतेय. हे नाव ठेवलं तर कापलेला नवरा परत आणावा लागेल. तिच्या घरात हा शब्द रोज आहे. 'येशील का?' 'बहुतेक.' ती तीन प्रकरणं अशा उत्तरांनीच भरलेली होती, आणि मी ती विषयाबाहेरची म्हणून काढली.

विभक्ती
'बहुतेकमधला नवरा'. प्रत्यय लागतो. सामान्यरूप होत नाही, पण ते चालतंय.

तिसरं_टेबल
बघा, आता हे नाव वाकवायला लागलं. काल 'दुभाषी'ने नवरा घालवला, आज 'बहुतेक' परत आणतंय. आधी ती प्रकरणं वाचून बघा, कुठलंही नाव वर न लिहिता. त्यांच्यात दम असेल तर ठेवा.

कात्री
माझं मत अजून 'दुभाषी' नको आणि 'बहुतेक'ही नको. पण तीन प्रकरणं परत येणार असतील तर खर्डा मला पाठवा, वाचायचाय.