मदत हवी आहे: डेंजर, वॉर्निंग, कॉशन, तिन्हींना मराठीत ‘धोका’च लिहायचं का?

कुपवाडचा_शेडवाला
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडसाठी मराठी पाट्या करायच्या आहेत. मशिनबरोबर आलेल्या इंग्रजी स्टिकरांवर कुठे डेंजर, कुठे वॉर्निंग, कुठे कॉशन आहे, आणि पुस्तिकेत जागोजागी हॅझर्ड. शब्दकोश उघडला की फिरून फिरून धोका, इशारा, सावधान. पेंटर म्हणतो, सगळीकडे ‘धोका’ टाकू, वर कवटी काढू, विषय संपला. पाट्या लागणार त्या ४१५ व्होल्टचं पॅनेल, पॉवर प्रेस, बेंच ग्राइंडर, पत्र्याचा रॅक आणि थिनरच्या ड्रमसाठी. निम्मे कामगार बिहार-यूपीचे आहेत. कुठे काय लिहू?

पान्हा_तेरा
पेंटरचं ऐकू नका. पत्र्याच्या रॅकवरही कवटी लागली की पॅनेलवरच्या कवटीकडे कोणी बघत नाही.

हे शब्द सहज म्हणून वापरलेले नसतात. अमेरिकन ‘अन्सी झेड ५३५’ मानकात त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तीच इजा, पण होऊ शकते. कॉशन म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा होऊ शकते. पहिल्या दोघांत फरक इजेचा नाही, खात्रीचा आहे, आणि भाषांतरात हमखास हाच हरवतो. रंगही ठरलेले: डेंजर लालवर पांढरं, वॉर्निंग नारिंगीवर काळं, कॉशन पिवळ्यावर काळं. निळी ‘नोटीस’ दिसली तर माणसाला इजा नाही, फक्त मशिनचं किंवा मालाचं नुकसान.

मूळ स्टिकरवर जी पायरी आहे तीच मराठीत ठेवा. मनाने वर-खाली करू नका.

कृष्णाकाठ
मराठी शब्द शोधायला लांब जायची गरज नाही, सांगलीच्या आयर्विन पुलाशीच आहेत. कृष्णेच्या पुराची ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात इथलं लहान पोरही हा फरक सांगेल. वॉर्निंगला ‘इशारा’, डेंजरला ‘धोका’. कॉशनला ‘सावधान’पेक्षा ‘जपून’ बरं. सावधान फार दरडावतं.

फक्त एक लक्षात ठेवा, ही उतरंड सगळीकडे सारखी नाही. हवामान खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे वॉच, नारिंगी म्हणजे अलर्ट आणि लाल म्हणजे वॉर्निंग. म्हणजे तिथे वॉर्निंग सगळ्यात वरची! शब्द कोणत्या तक्त्यातला आहे ते आधी बघायचं.

शब्दांचा_किडा
हॅझर्ड पाटीवर नको, तो नोंदवहीचा शब्द आहे. हॅझर्ड म्हणजे धोक्याचं मूळ, आणि रिस्क म्हणजे त्यातून इजा व्हायची शक्यता व तिची तीव्रता एकत्र धरून. उघडा फिरणारा पट्टा हा हॅझर्ड. त्यावर जाळीचा गार्ड बसवला तरी पट्टा आत फिरतोच, म्हणजे हॅझर्ड तिथेच आहे, रिस्क कमी झाली. रिस्कला मराठीत ‘जोखीम’ अगदी चपखल बसतं.

आता तुमच्या निम्म्या कामगारांचं. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे दगा, फसवणूक. (मराठीत ‘त्याने धोका दिला’ हे हिंदीवरूनच आलंय; आपल्याकडे दगा देतात.) ‘धोका, ४१५ व्होल्ट’ वाचून यूपीचा माणूस कवटीवरूनच काय तो अंदाज बांधणार. त्याला ‘खतरा’ लिहा.

इंग्रजी शब्दही टाकणार असाल तर स्पेलिंग स्वतः तपासा. उच्चार ‘डेंजर’ म्हणून पेंटर डी नंतर ई रंगवतो. तिथे ए हवा. आणि ‘डेंजरस’ म्हणजे दुसऱ्याला धोकादायक, ‘इन डेंजर’ म्हणजे स्वतः धोक्यात. सूचना फलकावर ‘वर्कर इज डेंजरस’ लिहिलंत तर कामगारापासून लांब राहा असा अर्थ होईल. गंमत म्हणजे डेंजरचा जुना अर्थ मालकाची सत्ता, म्हणजे कुणाच्या तरी तावडीत असणं.

वायरमन_मिरज
पॅनेलच्या पाटीचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. २५० व्होल्टच्या वर धोक्याची पाटी कायमची लावावी लागते, हिंदी किंवा इंग्रजी आणि शिवाय जिल्ह्याची भाषा, कवटी-हाडांचं चित्र आयएस २५५१ या भारतीय मानकाप्रमाणे. तुमच्याकडे हिंदी-मराठीच घ्या. बाजारातल्या तयार पाट्यांवर बहुधा ४४० छापलेलं असतं, त्याला बुजू नका.

थिनरचा ड्रम मात्र वेगळ्या तक्त्यात जातो. रसायनांच्या जागतिक लेबल पद्धतीत, म्हणजे जीएचएसमध्ये, शब्द दोनच, डेंजर आणि वॉर्निंग, कॉशन नाहीच. ज्वलनशील द्रवांत श्रेणी १ आणि २ ला डेंजर, ३ ला वॉर्निंग. टोल्युइनवाला थिनर श्रेणी २ चा. एकाच मालाला दोन्ही लागू झाले तर लेबलवर फक्त डेंजर येतो. डब्यात ओतून घेतलेल्या थिनरलाही तेच लेबल हवं. लोक नेमके तिथेच चुकतात, पाण्याच्या बाटलीत ओततात.

कुपवाडचा_शेडवाला
सगळ्यांचे आभार. हा मसुदा बघा. प्रेस आणि ड्रमवर मूळ स्टिकर डेंजरचे आहेत, तिथे ‘धोका / खतरा’च ठेवतो. बाकी मजकुराचं हिंदी शेवटी करून घेईन.

पॅनेल: धोका! खतरा! ४१५ व्होल्ट. हात लागल्यास मृत्यू. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा.
ग्राइंडर: इशारा! चाक फुटून तुकडे उडू शकतात. गॉगल घाला, चाकाच्या रेषेत उभे राहू नका.
पत्रा: जपून! कडा धारदार. हातमोजे घाला.

पान्हा_तेरा
रचना बरोबर: काय आहे, काय होईल, काय करायचं. एक दुरुस्ती. पत्र्याची पाटी रॅकवरच लावा, ग्राइंडरच्या आसपास नको. ‘हातमोजे घाला’ वाचून कोणी कापडी मोजे घालून ग्राइंडरवर बसला तर मोजा चाकात ओढला जातो.

वायरमन_मिरज
पॅनेलची ओळ तर अजिबात चालणार नाही. मेन स्विच पॅनेलच्या आतच असेल तर तो पाडल्यावरही येणाऱ्या केबलची टोकं जिवंत राहतात. असं लिहा (फीडर म्हणजे पॅनेलला वीज देणारी मागची लाइन): ‘झाकण उघडण्याआधी मागचा फीडर बंद करून कुलूप लावा, मीटरने तपासा.’ फीडरचा नंबरही त्याच पाटीवर रंगवून घ्या.