मुलीला १२ दिवसांच्या मिशन ट्रिपला केनियाला पाठवू का? (सांगली)

विश्रामबागचा_वायरमन

नमस्कार मंडळी. मारुती चौकात माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. आम्ही ख्रिस्ती, चार पिढ्यांपासून. पणजोबा मिरजेच्या मिशन दवाखान्यात माळी होते, तिथून आमची सुरुवात. धर्मावरून वाद घालायचा असेल तर कृपा करून दुसरीकडे घाला, माझा प्रश्न व्यवहाराचा आहे.

थोरली लेक जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका ख्रिस्ती ग्रुपने तिला मिशन ट्रिपसाठी, म्हणजे सेवा करायला आणि येशूचा संदेश सांगायला जाण्यासाठी, निवडलंय. केनियात किसुमू म्हणून गाव आहे, तिथे. एकूण १२ दिवस, त्यातले तीन जाण्यायेण्यात. छापील कार्यक्रम माझ्यासमोर आहे: दोन दिवस आरोग्य शिबिर, एक दिवस अनाथाश्रम, दोन दिवस शाळेच्या भिंती रंगवणे, संध्याकाळी सभा, एक दिवस आराम आणि साक्ष (म्हणजे आपापला देवाचा अनुभव सांगणे), एक दिवस बाजार, शेवटचे दोन दिवस सफारी.

माणशी खर्च १ लाख ७० हजार. तो ज्याने त्याने देणगीदार गाठून जमवायचा. त्यासाठी पत्र छापून दिलंय, वर लेकीचा फोटो, खाली बँकेचं खातं. ते पत्र घेऊन ती रविवारी उपासनेनंतर दारात उभी राहते आणि मी गाडी काढायच्या निमित्ताने पुढे सटकतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक शिपाई, ड्रायव्हर, निवृत्त नर्सा. महिला संघातल्या एका मावशींनी कापणीच्या सणासाठी बाजूला ठेवलेले ५०० रुपये तिच्या हातात दिले. त्या अजून दोन घरची धुणीभांडी करतात. त्या दिवशी घरी मटण होतं, मला घास गेला नाही.

माझी आई ८१ वर्षांची. ती म्हणाली, "मिशनचा डॉक्टर वानलेस साहेब १८८९ ला आला, मराठी शिकला, १८९४ ला मिरजेत दवाखाना उघडला आणि १९२८ ला परत गेला. ही १२ दिवसांत काय करणार? त्यातले दोन दिवस तर सिंह बघणार." झालं, लेक रडायला लागली. "आज्जी, मला देवाने बोलावलंय." आता देवाने बोलावलंय म्हटल्यावर बापाने मध्ये काय बोलायचं?

कुणी असं गेलंय का? किंवा कुणाच्या घरचं? पहिला हप्ता १५ तारखेला भरायचाय.

कऱ्हाडी_माणूस

१ लाख ७० हजार गुणिले किती पोरं? १४ असली तरी २३ लाख ८० हजार झाले. एवढ्या पैशात तिथलेच रंगारी लावून किती शाळा रंगतील ते तुम्ही मोजा, तुमचं दुकान आहे. जत तालुक्यात टँकर चालू असतात ते दिसत नाही का कुणाला? भिंती रंगवायला विमानाने जायचं, कमाल आहे.

वाईचा_गिटारवाला

दादा, मी गेलो होतो. नेपाळ, जानेवारी २०१८, तेव्हा मी २२ चा. खोटं बोलत नाही, माझ्यासाठी ते दहा दिवस फार मोठे होते. पहिल्यांदा घराबाहेर, पहिल्यांदा बर्फ पाहिला, प्रार्थनेची गोडी तिथे लागली. तिथल्या लोकांना माझा काय उपयोग झाला? गिटार वाजवली. त्यांच्यातले दोघं माझ्यापेक्षा चांगली वाजवत होते.

दुसऱ्या वर्षी परत बोलावलं तेव्हा मी नाही म्हटलं, त्याचं कारण सांगतो. ऑगस्ट २०१८ पासून नेपाळमध्ये नवा फौजदारी कायदा लागू झाला. धर्मांतर घडवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा संपल्यावर देशाबाहेर काढतात. मी आमच्या लीडरना विचारलं, आता कसं करायचं? ते म्हणाले, "कुणी विचारलं तर टुरिस्ट म्हणा." सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला जायचं आणि सुरुवात खोट्याने करायची, हे मला पटलं नाही. आपल्याला तर घरी परत यायचं असतं, पण आपल्याला जेवायला घालणारा तिथला पाळक (चर्चचा पास्टर) तिथेच राहणार असतो. केनियात तसा कायदा नसेल, तरी फॉर्मवर जाण्याचं कारण काय लिहिणार आहात तेवढं विचारा.

सिस्टर_मिरज

वायरमनदादा, मी मिरजेत ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, आता घरी बसून नातवंडं सांभाळते. तुमच्या आईंचं म्हणणं खरं असलं तरी अर्धंच आहे. बोलावणं ४० वर्षांचंच असतं असं कुठे लिहिलंय? पण लेकीला एक गोष्ट सांगा, म्हणून एवढं लिहिते.

२००८ च्या जानेवारीत एका परदेशी चर्चची टीम आली होती, नाव नको. जतच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात दोन दिवसांचं शिबिर. मला दुभाषी म्हणून नेलं. तिथे गेल्यावर कळलं की म्हाताऱ्या बाया कानडी बोलतात. मग डॉक्टर इंग्रजीत विचारायचा, मी मराठीत सांगायची, शाळेतला एक पोरगा ते कानडीत सांगायचा आणि तसंच उलट परत यायचं. एका आजीला विचारलं, छातीत दुखतं का? तिकडून उत्तर आलं, सून नीट बघत नाही. हसलो आम्ही सगळे. पण त्या आजीचं बीपी १९० च्या वर होतं.

टीमने गोळ्या तिकडूनच आणल्या होत्या, बॅगा भरभरून. बीपीचं औषध आपलं साधं अ‍ॅम्लोडिपिनच, पण पाकीट चकचकीत आणि नाव वेगळं. प्रत्येकाला ३० दिवसांच्या दिल्या, फोटो काढले, प्रार्थना केली, गेले. दोन दिवसांत सहाशेच्या वर माणसं तपासली म्हणून अहवालात लिहिलं असेल. तपासली म्हणजे काय, ते मी शेजारी बसून बघत होते.

मार्चमध्ये ती आजी आमच्या वॉर्डात आली. डावी बाजू गेलेली. सुनेच्या हातात ते रिकामं पाकीट. मी विचारलं, गोळ्या संपल्यावर सरकारी दवाखान्यातून का नाही आणल्या? सून म्हणाली, आणल्या की. पण सासू घेईना. गोऱ्या डॉक्टरचीच पाहिजे, ही आपली कागदात बांधलेली खोटी आहे म्हणाली. म्हणजे त्या गावात वर्षानुवर्षं घसा फोडून माणसांना गोळीवर ठेवणारा जो एक डॉक्टर होता, त्याचा शब्द आम्ही दोन दिवसांत हलका करून आलो होतो. औषध तेच होतं हो. मी पण त्या खुर्चीवर बसले होते, त्यामुळे हे टीमच्याच माथी मारता येत नाही.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर अन्याय होईल. त्याच टीममध्ये एक साठीचा माणूस होता, यंत्रं दुरुस्त करणारा. तो शिबिराला आलाच नाही. त्याला आमच्या मेट्रनने आधी पत्र लिहून बोलावलं होतं, कारण ऑटोक्लेव्हच्या (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) दाराचं गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, सारखं जायचं आणि दुरुस्तीला पुण्याहून माणूस यायला दहा दिवस लागायचे. हा बाबा आठ दिवस तळघरात बसून राहिला, सोबत आमचा एक वॉर्डबॉय. दोघांची भाषा एक नाही, पाने हातात देऊनच सगळं बोलणं. गेला तेव्हा कुणी हार घातला नाही. पण पुढे तो वॉर्डबॉय निवृत्त होईपर्यंत दुरुस्तीला बाहेरचा माणूस बोलवावा लागला नाही. पुढच्या वर्षी तो माणूस स्वतःच्या खर्चाने परत आला, बॅगेत गॅस्केटं घेऊन.

तर लेकीला एवढंच विचारा: बोलावलं कुणी? पुण्याने का किसुमूने? आणि शिबिरात ती काय करणार आहे? विद्यार्थिनी आहे ती. इथे वॉर्डात आम्ही तिला एकटीने सुई टोचू देत नाही, सिस्टर शेजारी उभी लागते. मग तिथे कुणाच्या हुकमावर टोचणार? परदेशी नर्सला तिथे काम करायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा परवाना लागतो. "तिकडे चालतं" असं कुणी म्हणालं तर समजा की त्याच्या लेखी तिथल्या माणसाचा हात आपल्या हातापेक्षा स्वस्त आहे.

अनाथाश्रमाचा एक दिवस मात्र सरळ खोडून टाका. दिवसभर कडेवर घ्यायचं, संध्याकाळी रडत सोडून यायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरी टीम. आमच्या वॉर्डातल्या टाकून दिलेल्या लेकरांना मी बघितलंय, सारखी माणसं बदलली की ती कुणाकडेही जातात. लोकांना वाटतं किती गोड, लगेच आलं. ते गोड नसतं.

नैरोबीतला_सातारकर

मी मूळचा कोरेगावचा, इथे एका कंपनीत हिशेब बघतो, नववं वर्ष चालू आहे. मी ख्रिस्ती नाही, पण किसुमूला कामानिमित्त जातो, म्हणून उपयोगाचं तेवढं लिहितो.

यलो फीव्हरची लस घ्यायलाच लागेल. केनिया तिच्यासाठी अडवत नाही, आपलाच देश परतताना कार्ड मागतो. लस निघण्याच्या दहा दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही, आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. किसुमूला मलेरिया भरपूर, त्याच्या गोळ्या निघायच्या आधीच सुरू कराव्या लागतात, डॉक्टरला विचारून. व्हिक्टोरिया तलाव दिसायला समुद्रासारखा आहे, पण पाय घालू नये. गोगलगायीतून येणारा जंतू कातडीतून आत शिरतो. भडंग जरूर पाठवा (दोन किलो जास्त पाठवलंत तर माझा पत्ता देतो), पण कॅरीबॅगमध्ये नको. २०१७ पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

बाकी एक गोष्ट वरच्या कुणी लिहिली नाही. केनियात बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत. रविवारी नैरोबीत लाऊडस्पीकरने झोपू देत नाहीत. त्यांना सुवार्ता सांगायला सांगलीहून जाणं म्हणजे कोल्हापूरला गूळ नेणं.

आणि आपल्याला इथे ते पाहुणा मिशनरी समजत नाहीत. आपल्याला म्हणतात मुहिंदी, म्हणजे हिंदुस्थानी. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून किसुमूपर्यंत रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून हजारो मजूर आणले, बहुतेक पंजाबचे. त्यातले काही राहिले, मागून गुजराती दुकानदार आले. त्यामुळे आज इथल्या माणसाच्या डोक्यात मुहिंदी म्हणजे दुकानाचा मालक, गल्ल्यावर बसणारा, नोकराला हाका मारणारा. चपाती आणि चहा हे शब्द त्यांनी आपल्याकडून घेऊन स्वतःचे केले, पण एका ताटात बसून खाणारा मुहिंदी त्यांनी फार कमी पाहिलाय. तुमची मुलगी एखाद्या घरी महिनाभर राहिली, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा (पालेभाजी) हाताने खाल्लं, भांडी घासली, तर त्याची गावात चर्चा होईल. १२ दिवसांच्या हॉटेल मुक्कामाने ते होणार नाही. किसुमूकडच्या लुओ भाषेतला एक शब्द शिकवून ठेवा: एरोकामानो, म्हणजे आभारी आहे.

विश्रामबागचा_वायरमन

सगळ्यांचे आभार. एरोकामानो पण.

सिस्टर, तुमचं लिहिणं मी लेकीला वाचून दाखवलं नाही, फोन तिच्या हातात दिला आणि दुकानात निघून आलो. दिवसभर माझ्या डोक्यात २०१९ चा पूर घोळत होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या पुढे गेलं. माझं दुकान छतापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक आले. मन भरून आलं, खरंच. पण चौकात जुन्या कपड्यांचा ढीग माझ्या खांद्याएवढा झाला होता. त्यात स्वेटर, लग्नातले ब्लेझर, एक तर नऊवारी जरीची, भोक पडलेली. तो ढीग पुन्हा पावसात भिजून कुजला आणि शेवटी महापालिकेच्याच गाडीने उचलला. आणि पाच पोरं आली होती, कुठली ते आजही माहीत नाही. टेम्पोत चिखल ओढायचा पंप आणि फावडी. त्यातला एकजण शटरसमोर उभा राहून म्हणाला, "मालक, कुठनं सुरू करू?" तोवर मला असं कुणीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीने स्वतःच पुण्याच्या लीडरकडून किसुमूच्या पाळकबाईंचा नंबर मागितला. आधी देईनात, "चॅनेलमधून जा" म्हणाले. तिसऱ्या दिवशी दिला. तिने व्हॉट्सॲपवर विचारलं, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, तुमच्याकडे माझं काय काम आहे? त्यांचं उत्तर आलं, त्याचा अर्थ असा: आमच्या मंडळीत शिकलेल्या चार नर्सा घरी बसून आहेत, पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून. तू ये, तुला बघून आनंद होईल, पण शिबिर आम्ही मागितलं नव्हतं.

लेक दोन दिवस कुणाशी बोलली नाही. काल म्हणाली, परीक्षा झाल्यावर एकटीने दोन महिने जाते, त्या बाईंच्या घरी राहीन. आता आईने पलटी खाल्ली, "एकटी? परमुलखात?" म्हणून ओरडायला लागली. म्हणजे १२ दिवस कमी आणि दोन महिने जास्त! ग्रुपवाल्यांचे फोन चालू आहेत, जागा रिकामी राहिली तर बाकीच्यांचा खर्च वाढतो म्हणतात. ते पण खोटं नाही. लेकीचं अजून नक्की नाही, १५ तारखेला चार दिवस आहेत.

जमलेले ४१,३०० मी वहीत नावानिशी लिहून ठेवलेत, परत करायला सुरुवात केली. धुणीभांडीवाल्या मावशी ५०० परत घेईनात. म्हणाल्या, दिलेलं दिलं, त्या घरी बसलेल्या पोरींपैकी एकीला पाठव. सातारकर, इकडून तिथे कुणाच्या एम-पेसावर (तिकडच्या मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर) सरळ पैसे पाठवता येतात का, की बँकेतूनच जावं लागतं? ५०० पाठवायला खर्च किती येतो तेही सांगा. भडंगाचं लक्षात आहे.