मदत हवी आहे : अरुंद सामुद्रधुनीत कॉन्व्हॉय कितपत कामाचा?

नमस्कार मंडळी, एका मुद्द्यावर आठवडाभर अडलोय.

१९१७ च्या एप्रिलमध्ये जर्मन पाणबुड्यांनी साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली, तेव्हा कुठे ब्रिटिश नौदल कॉन्व्हॉयला, म्हणजे व्यापारी जहाजं युद्धनौकांच्या संरक्षणात ताफ्यानं नेण्याला, तयार झालं. त्याचं गणित मला फार आवडतं. अथांग समुद्रात वीस जहाजांचा ताफा एकट्या जहाजापेक्षा जेमतेमच लवकर दिसतो. म्हणजे बाकी समुद्र रिकामा, आणि पाणबुडीला सावजच सापडत नाही.

पण तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी, येमेन आणि आफ्रिकेच्या मधली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी तर सुमारे ३० किलोमीटर रुंद. तिथे लपणार कुठे? येमेनच्या किनाऱ्यावरून हूथी बंडखोरांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन येऊ शकतात, ताफा तर आयतंच लक्ष्य होईल ना?

१९८७ मध्ये इराणच्या आखातात ‘ब्रिजटन’ हा अवाढव्य टँकर सुरुंगावर आदळला. त्यानंतर संरक्षणाला आलेल्या अमेरिकी युद्धनौकाच त्याच्या मागे, त्याच्या वाटेनं चालल्या, कारण सुरुंगाचा धक्का तोच पचवू शकत होता! हे वाचून मी थक्क झालो.

तर अशा चिंचोळ्या पाण्यात ताफ्याचा खरा फायदा कोणता? हवाई संरक्षण एकवटतं, एवढाच? नौदलात किंवा व्यापारी जहाजांवर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.