अर्धशिशी, मॅग्नेशियम आणि रक्ताचा अहवाल

सुनीता (बी-304): नमस्कार. मॅग्नेशियमची कमतरता हेच डोकेदुखीचे मूळ असल्याचा संदेश ग्रुपवर वाचून, अर्धशिशीने त्रासलेल्या मी रक्त तपासून घेतले, तर पातळी योग्य निघाली. म्हणजे त्या गोळ्यांचा मला उपयोग नाही, असे समजावे का?

देशपांडे काका (ए-101): सुनीताताई, तसे समजू नका. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते; त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत, तर रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे अहवाल चांगला आला तरी आतला साठा पुरेसा आहे, याची खात्री त्यावरून देता येत नाही. मात्र त्या संदेशातील ‘हेच मूळ’ हे शब्द मला फार खटकले, कारण अर्धशिशीला आनुवंशिकता, झोप, उपवास, पाळी अशी अनेक कारणे असतात. मॅग्नेशियम चेतापेशींच्या एका ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या भागाला) अडसर घालून त्यांची उत्तेजना आवरते आणि ते कमी पडले की मेंदू चटकन डिवचला जातो, असे मानतात. अमेरिकेतील चेतातज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी ते ‘बहुधा परिणामकारक’ ठरवले होते. डॉक्टर सहसा दिवसाला 400 ते 600 मिलिग्रॅम देतात आणि गुण येतो की नाही हे ठरवायला दोन-तीन महिने लागतात. जुलाब झाले तर मात्रा कमी करावी लागते.

मीरा (सी-202): काका, सासऱ्यांचेही डोके दुखते. त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आहे आणि पित्तासाठी पँटोप्रॅझोल कित्येक वर्षे चालू आहे. त्यांना ही गोळी द्यावी का?

देशपांडे काका: मीराताई, कृपा करून स्वतःहून देऊ नका. जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते काम मंदावले असेल तर ते रक्तात साचून रक्तदाब आणि हृदयाचे ठोके घसरू शकतात. उलट पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम कमी होऊ शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत रक्ततपासणी खरोखर उपयोगी आहे. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्रच सांगा. उतारवयात डोकेदुखी नव्याने सुरू झाली असेल, तर आधी तिचे कारण शोधायला हवे.

सुनीता: काका, मी महिन्यातून पंधरा-सोळा दिवस पॅरासिटामॉल घेते, हे सांगायचे राहिले.

देशपांडे काका: मग ते आधी डॉक्टरांना सांगा. महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, असे सलग काही महिने वेदनाशामक घेतले, तर त्यानेच डोकेदुखी टिकून राहते. तीळ, शेंगदाणे, राजगिरा, बाजरी हे मॅग्नेशियमयुक्त पदार्थ मात्र तुम्ही आजपासूनच जेवणात वाढवू शकता.