पिंजऱ्यातल्या पैदाशीचा कायदा शोधतेय, नेमकं कुठून धरू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. एलएलएमच्या प्रबंधासाठी कॅप्टिव्ह ब्रीडिंग आणि वन्यजीव संवर्धन हा विषय घेतलाय, तीन आठवडे नुसती वाचतेय पण हाताला काही लागत नाहीये. मला वाटलेलं एखादा कायदा असेल तो वाचला की झालं, पण कधी सायटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) समोर येतं कधी जैवविविधता करार कधी प्राणिसंग्रहालयांचे नियम, आणि एका ठिकाणी पैदास म्हणजे प्रजाती वाचवायचा मार्ग तर दुसरीकडे चक्क विक्रीचा माल. गाईड म्हणतात विषय लहान कर. कसा करू?

दस्तऐवज:
अगं हे जे दोन सूर तुला ऐकू येतायत ना, तिथेच तुझा विषय आहे. १९९२ चा जैवविविधता करार घे, त्याचं कलम ९ म्हणतं की अधिवासाबाहेरचं संवर्धन हे मुख्यतः अधिवासातल्या संवर्धनाला पूरक म्हणून करायचं. म्हणजे जंगल आधी, पिंजरा नंतर. सायटिस मात्र मुळातच आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, १९७३ चा, लागू झाला १९७५ ला. त्याच्या कलम ७ चा परिच्छेद ४ नीट वाच, परिशिष्ट १ मधला प्राणी व्यापारासाठी पिंजऱ्यात जन्मलेला असेल तर त्याला परिशिष्ट २ मधला समजायचं. त्या एका वाक्याने, ज्याचा व्यापार जवळपास बंद आहे तो प्राणी परवाना घेऊन विकता येतो!! मी तर इथूनच सुरुवात करेन.

कागदी_घोडा:
वरच्याशी सहमत, फक्त "पिंजऱ्यात जन्मलेला" म्हणजे काय ते ठरवणारा सायटिसचा ठराव १०.१६ सोडू नकोस. नुसता जन्म पिंजऱ्यात झाला म्हणून भागत नाही, मूळ जोड्या कायदेशीर मार्गाने आणि जंगलातल्या संख्येला धक्का न लावता मिळवलेल्या हव्यात आणि दुसरी पिढी झालेली हवी, किंवा ती खात्रीने होईल अशी पद्धत तरी दाखवता आली पाहिजे. तेवढं जमत नसेल तर परवान्यावर सोर्स कोड (प्राणी कुठून आला ते सांगणारं अक्षर) "सी" नाही, "एफ" पडतो, म्हणजे पिंजऱ्यात जन्मला पण व्याख्येत बसत नाही. आता हे कागदावर छान दिसतं पण अजगराच्या पिल्लाकडे बघून ते कुठे जन्मलं कसं ओळखणार? इंडोनेशियातून ब्रीडिंग फार्मच्या नावाने बाहेर जाणाऱ्या हिरव्या अजगरांवर २०११ मध्ये अभ्यास आला होता, त्यात किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले निघाले. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण त्या खोट्या कागदांमुळे खरी पैदास करणाऱ्यांवरचाही विश्वास जातो. २०१६ च्या ठराव १७.७ मध्ये अशा संशयास्पद व्यापाराची तपासणी करायची पद्धत आहे, तोही बघ.

गवताळ:
सगळं व्यापारावरच नको ना. काळ्या पायांच्या फेरेटचं (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) बघ, अमेरिकेत शेवटचे १८ पकडून पैदास सुरू केली आणि १९९१ ला वायोमिंगमध्ये परत सोडले. सोडताना त्यांना काय दर्जा द्यायचा हा कायद्याचा मोठा प्रश्न होता, कारण पूर्ण संरक्षण दिलं तर आजूबाजूचे जमीनमालक आपल्या जमिनीवर निर्बंध येतील म्हणून प्राणी येऊच देणार नाहीत. तिथल्या एन्डेंजर्ड स्पीसीज अॅक्टचं कलम १०(जे), १९८२ ला आलेलं, त्यासाठीच वापरलं, "प्रायोगिक संख्या" म्हणून सोडायचं आणि नियम थोडे सैल ठेवायचे. कॅलिफोर्निया कॉन्डर या गिधाडाचं पण तसंच, १९८७ ला शेवटचा जंगली पक्षी पकडला तेव्हा एकूण २७ उरले होते, पुढे १९९६ ला अॅरिझोनात सोडले ते याच कलमाखाली. पैदास झाल्यावर प्राणी परत जंगलात जाणार का, आणि गेला तर कायद्याच्या नजरेत तो कोण, यावर लिही की.

रानजाई:
गवताळ, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग दोन्ही जोडून असं केलं तर, पैदाशीला जी सूट मिळते ती देताना प्राणी जंगलात परत जायलाच हवा अशी अट कुठल्या कायद्यात आहे आणि कुठल्यात नाही?

दस्तऐवज:
हां आता जमलं. सायटिसच्या व्याख्येत तशी अट नाही हे पहिल्याच प्रकरणात दाखव. आणि २००७ चा निर्णय १४.६९ घे, वाघांची पैदास त्यांच्या अवयवांच्या व्यापारासाठी करू नये असं त्यात स्पष्ट म्हटलंय, म्हणजे पैदास कशासाठी हा प्रश्न तिथे विचारला गेलाय. आकडे लागले तर सायटिसचा ट्रेड डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, सोर्स कोडबरोबर पर्पज कोडही (व्यवहार कशासाठी ते सांगणारा) लावून बघ आणि निर्यातदार देशाची नोंद आयातदार देशाच्या नोंदीशी ताडून घे, त्या बऱ्याचदा जुळत नाहीत.