पद्मिनी की अँबॅसिडर १८००? आंबा घाट चढायचा आहे

सांगलीचा_भाचा: मामा गॅरेज रिकामं करतायत. दोन गाड्या आहेत, 'एक तू घेऊन जा' म्हणाले. १९८९ची प्रीमियर पद्मिनी, गियर स्टिअरिंगला. दुसरी १९९६ची अँबॅसिडर १८०० आयएसझेड. दोन्ही पेट्रोल, दोन्ही चालू. वापर म्हणजे अधूनमधून रत्नागिरी, आई-बाबा मागे. माझा जीव पद्मिनीत अडकलाय, पण घाटात नीट चढेल कोणती?

आकडेबाज: पद्मिनी १०८९ सीसी, ४० बीएचपी, चार गियर. १८००ला इसुझूचं १८१७ सीसी इंजिन, ७५च्या आसपास बीएचपी, पाच गियर. वजनाचा फरक धरला तरी बरोबरी होत नाही. विषय संपला.

ग्रीसचे_हात: संपला कसा? भाचेसाहेब, तुमचा खरा चढ जाताना नाहीच, येताना आहे. घाटाच्या पायथ्याचं साखरपा सोडलं की. मे महिना, चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. पद्मिनी तिथे दुसऱ्या गियरवर रडत चढते आणि वळणावर पहिला टाकावा लागतो. चढेल, नाही असं नाही. पण इंजिन तापलं की इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देऊन बंद पडते. मग बॉनेट उघडा, त्या पंपावर ओलं फडकं टाका आणि आईंना सांगा, 'पाच मिनिटं हं'. आमच्या गॅरेजला अशा गाड्यांनी वर्षानुवर्षं पोसलंय.

१८०० तोच चढ तिसऱ्यावर काढते. अँबॅसिडर म्हटलं की लोकांना जुनी १४८९ सीसीवाली आठवते, तो अनुभव हिला लावू नका. ती जुनी सरकारी साहेबासारखी, घाई नाही. १९९२च्या सुमारास इसुझूचं इंजिन आलं आणि गाडीच बदलली.

गावात मात्र पद्मिनी. बारीक आहे, कुठेही वळते. इग्निशनचे पॉइंट घासून गॅप लावला की चालली. अँबॅसिडरला पार्किंग शोधताना हात भरून येतात, पॉवर स्टिअरिंग नाही.

ब्रेकचं कुणी बोललं नाही. तुमच्या दोन्ही गाड्यांना चारी चाकांना ड्रम असणार. उतारावर पाय ठेवून बसलात तर लायनर तापून ब्रेक धरेनासे होतात. ज्या गियरवर चढाल त्याच गियरवर उतरा.

आकडेबाज: आणि अ‍ॅव्हरेज?

ग्रीसचे_हात: पद्मिनीचं बरं. पण वर्षात चार खेपा करणाऱ्याने अ‍ॅव्हरेज विचारू नये.

माहेर_कुर्ला: पद्मिनी आमच्या कुर्ल्यात बनायची, म्हणून पक्षपात करतेय. पार्ट अजून मिळतात, एवढी वर्षं टॅक्सीत चालली ना. इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र जुन्या रबराला मानवत नाही. गाडी कोणतीही घ्या, पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम आधी बदला.

सांगलीचा_भाचा: बाबांचं मत अँबॅसिडरला पडलं, मागे पाय पसरता येतात म्हणून. रविवारी बघायला जातोय. काय काय तपासू?

ग्रीसचे_हात: इंजिन शेवटी बघा. आधी मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा, मग दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर मामांना नमस्कार करून परत या. मग मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), एखादं पान तुटलंय का. आणि चासिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मामा असले तरी.