मदत हवी आहे: मॉडेलिंग भाषेत चलाचं युनिट आपोआप ओळखायचंय, सांडव्यापाशी अडलंय

पाटकरी
नमस्कार मंडळी. धरणातल्या पाण्याच्या हिशेबासाठी एक छोटी मॉडेलिंग भाषा लिहितोय. कीवर्ड मराठीच आहेत. घोषणा अशी:

`चल साठा : दलघमी`
`चल आवक : क्युसेक`
`चल विसर्ग`
`बदल(साठा) = आवक - विसर्ग`

(दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट.) विसर्गाचं युनिट कंपायलरनेच शोधायचं. इथवर झकास चालतं, सांडवा आला की बोंब. नुसत्या आकड्यांना बिनयुनिटी धरलं तर बरोबर सूत्रावर एरर येते. त्यांना "जे बसेल ते युनिट" दिलं तर काहीही लिहा, एरर येतच नाही. घोषणेचा सिंटॅक्स कसा ठेवू? शुक्रवारी दाखवायचंय, जरा लवकर सांगा.

गोदाकाठ
कुठलं सूत्र? एररचे शब्द काय आहेत? ते टाकल्याशिवाय कोण काय सांगणार?

शीटसम्राट
एवढ्यासाठी नवी भाषा कशाला? एक्सेलमध्ये कॉलमच्या डोक्यावर युनिट लिहायचं, काम झालं. टीएमसीला (अब्ज घनफुटांना) २८.३२ ने गुणलं की दलघमी. आमच्याकडे सगळा हिशेब असाच चालतो.

कंपायलरकाका
एफ शार्प या प्रोग्रामिंग भाषेची पद्धत उचला. नुसता आकडा म्हणजे शुद्ध संख्या, युनिट हवं तर आकड्याला चिकटवून लिहायचं. अनुमानाचं गणित सोपं आहे. प्रत्येक युनिट म्हणजे घातांकांची यादी. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, आणि बेरीज-वजाबाकीत किंवा बरोबरच्या चिन्हाला दोन्ही बाजू सारख्या लागतात. शेवटी रेषीय समीकरणांचा संच उरतो, तो सोडवा. अँड्र्यू केनेडींनी १९९० च्या दशकात हे पक्कं मांडून ठेवलंय, चाक पुन्हा शोधू नका.

मॉडेलिकाप्रेमी
काका, एफ शार्प ही मॉडेलिंगची भाषा नाही. मॉडेलिका या मॉडेलिंग भाषेमध्ये युनिट हा घोषणेचाच गुणधर्म असतो. वेग, दाब असे प्रकार एकदा ठरवून ठेवायचे आणि सगळीकडे वापरायचे. शिवाय तिथे युनिट न लिहिणं म्हणजे "सांगितलेलं नाही" आणि "१" लिहिणं म्हणजे शुद्ध संख्या. हा फरक तुमच्या भाषेत हवाच.

कंपायलरकाका
आणि "सांगितलेलं नाही" या पळवाटेतूनच चुका आत शिरतात. सेलएमएल या जीवशास्त्रीय मॉडेलांच्या भाषेने बरोबर केलंय, तिथे समीकरणातल्या प्रत्येक आकड्याला युनिट सक्तीचं आहे.

मॉडेलिकाप्रेमी
सक्तीचं आहे म्हणूनच हाताने लिहायला जीव नकोसा होतो. वापरणारा इंजिनिअर आहे, त्याला सूत्र सूत्रासारखं दिसायला हवं.

पाटकरी
तुमचं चालू द्या, पण माझं अडलंय. हे घ्या सूत्र:

`चल लांबी : मी`
`चल उंची : मी`
`विसर्ग = १.८४ * लांबी * उंची ^ १.५`

एरर: "डावीकडे मी^३/से, उजवीकडे मी^२.५". सूत्र पुस्तकातलं आहे, चूक नाही.

गोदाकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सूत्र बरोबर आहे आणि तुझा कंपायलरही बरोबर आहे. १.८४ ही शुद्ध संख्या नाहीच. गुरुत्वीय त्वरणाचं वर्गमूळ त्या आकड्यात दडलेलं आहे, म्हणून त्याचं युनिट मी^०.५/से. जुन्या पुस्तकांत हेच फ्रान्सिसचं सूत्र फुटांत असतं, तिथे आकडा ३.३३.

आता तुझी दुसरी पद्धत बघ. कोणी ३.३३ लिहिलं आणि उंची मीटरमध्ये दिली, तर "जे बसेल ते" म्हणत कंपायलर त्या आकड्यालाही मी^०.५/से देऊन मोकळा होणार. विसर्ग १.८ पट निघणार आणि कोणाला पत्ता लागणार नाही. पुराच्या दिवसात या आकड्यावरून नदीकाठच्या गावांना इशारे जातात. अनुमानातून मिती (लांबी, वेळ वगैरे) कळते, माप कधीच कळत नाही. मीटर की फूट हे आकड्याच्या मालकानेच सांगायला हवं.

म्हणून नियम असा ठेव: किंमत नसलेल्या नावाचं युनिट कंपायलरने शोधावं. लिहिलेल्या आकड्याचं कधीच शोधू नये. तो एकतर शुद्ध, नाहीतर युनिटसकट:

`स्थिर गुणांक = १.८४ [मी^०.५/से]`
`चल विसर्ग`
`विसर्ग = गुणांक * लांबी * उंची ^ १.५`

पात्रातल्या बाष्पीभवनावरून तलावातलं काढायचा ०.७ हा गुणांक खरोखर शुद्ध आहे, तो नुसता लिहिला तरी चालेल. शून्याला मात्र सूट दे, नाहीतर `साठा > ०` सुद्धा अडेल.

कंपायलरकाका
मी तरी वेगळं काय म्हणत होतो? घातांक अंश-छेद ठेवून साठवा, दशांशात नको. एक तृतीयांश घात आला की दशांशात तुलना फसते. एफ शार्पमध्येही ४.० पासून अपूर्णांक घात चालतात.

वेलांटी
युनिटचं राहू द्या, चलांची नावं देवनागरीत आहेत ना? `वाऱ्याचा_वेग` मधला ऱ्य काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि शून्यरुंदी जोडक (ZWJ, न दिसणारं जोडचिन्ह) वापरून. दिसायला सारखंच, पण कंपायलरला दोन वेगळी चलं. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याने) हे एक होत नाही, ते तुम्हालाच हाताळावं लागेल.

पाटकरी
गोदाकाठ, जमलं! `३.३३ [फूट^०.५/से]` लिहून पाहिलं, विसर्ग जवळपास तेवढाच आला. नुसतं ३.३३ लिहिलं की एरर. आता साठा दलघमीत आणि आवक क्युसेकमध्ये, तर रूपांतर कंपायलरने गुपचूप करावं का?

कंपायलरकाका
करावं. मिती एकच आहे, मधला गुणक ठरलेला आहे. एक क्युसेक दिवसभर वाहिला की २,४४६.६ घनमीटर, यात मतभेदाला जागाच नाही.

मॉडेलिकाप्रेमी
गुपचूप नको. आत सगळं घनमीटर आणि सेकंदात ठेवा, दलघमी आणि क्युसेक फक्त वाचताना-दाखवताना. मॉडेलिकात दाखवायचं युनिट वेगळं सांगता येतं ते याचसाठी.

गोदाकाठ
पाटकरी, मॉडेलिकाप्रेमींचं ऐक. फक्त तापमान आलं की सावध राहा. सेल्सिअसला नुसता गुणक पुरत नाही, २७३.१५ मिळवावे लागतात, आणि तापमानातल्या फरकाला ते मिळवायचे नसतात. बाष्पीभवनाच्या मॉडेलमध्ये तापमान घेतोयस का?